माळेच्या अलीकडे : वारकरी उपासनेला नव्याने आरंभ करणाऱ्यांसाठी

पंढरपूरच्या विठ्ठलाची जी कथा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते, तिच्यात भक्ताने देवाला हाक मारलेली नाही. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत बसला होता, देव आपण होऊन दारात आला, आणि हातातली सेवा अर्धवट सोडवेना म्हणून पुंडलिकाने एक वीट मागे टाकून त्याला तिच्यावर थांबायला सांगितले. देव थांबला तो आजही कमरेवर हात ठेवून थांबलेला आहे. ‘पुंडलीक वरदे’ या गजरातला वर तो हाच. वारकरी उपासना नव्याने सुरू करणाऱ्याने सर्वांत आधी ही कथा नीट ऐकावी, कारण कृपेविषयी संप्रदायाची जी समजूत आहे ती या कथेत पूर्ण सांगून झाली आहे. कृपा दारात येऊन उभी आहे, आणि आपण जे काही करायचे ते तिचे मोल म्हणून करायचे नाही.

हे वाचायला सोपे आणि आचरायला अवघड आहे. नवस बोलण्याची आणि फेडण्याची सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली असते की हरिपाठ सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात मन हिशोब विचारू लागते. म्हणून पुढे सांगितलेला क्रम साधारण एका वर्षाचा आहे आणि तो मुद्दाम संथ ठेवला आहे. ज्यांच्या घरात वारी नाही, ज्यांना टाळ धरता येत नाही, किंवा जे गावापासून, कदाचित देशापासूनही, दूर राहतात, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

घरात काय लागते

फार थोडे लागते. विठ्ठल-रखुमाईची एक तसबीर किंवा लहान मूर्ती, एक निरांजन, हरिपाठाची छोटी पोथी, बुक्क्याची डबी आणि शक्य असेल तर कुंडीत तुळशीचे रोप. मूर्ती आणल्यास ती वीतभर उंचीच्या आतली असावी, म्हणजे रोजच्या पूजेचा भार वाटत नाही. पूजेचे सोळा उपचार येत नसतील तर त्याची खंत करू नये. सकाळी स्नान झाल्यावर तसबीर पुसावी, गंध-बुक्का लावावा, तुळशीचे पान वाहावे, दिवा लावावा, एवढ्यावर सुरुवात होते. तुळस सूर्यास्तानंतर आणि द्वादशीला तोडत नाहीत, म्हणून एकादशीच्या दिवसाउजेडीच दोन पाने जास्त काढून ठेवण्याची पद्धत आहे.

नैवेद्याबाबत नवख्यांना उगाच धास्ती वाटते. घरात जे शाकाहारी अन्न शिजले असेल तेच, कोणी चव घेण्यापूर्वी, लहान ताटलीत वाढावे, खाली पाण्याने चौकोनी मंडल करावे, ताटात तुळशीपत्र ठेवावे, ताटाभोवती पाणी फिरवून हात जोडावेत आणि मग ते अन्न सर्वांच्या पानांत थोडे थोडे वाटून टाकावे. नामदेवांच्या बालपणीची कथा, जीत देव जेवत नाही म्हणून मूल हट्ट धरून बसते आणि देवाला जेवावेच लागते, ती येथे आठवावी. त्या वाटलेल्या घासाला आपण प्रसाद म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ प्रसन्नता, कृपा असा आहे. ज्ञानदेवांच्या ‘पसायदान’ या शब्दातला ‘पसाय’ हा त्याच शब्दाचे मराठी रूप आहे. म्हणजे मराठी माणूस रोज कृपा हातावर घेऊन खातो, पण तिला त्या नावाने ओळखत नाही.

हरिपाठ : एका अभंगापासून

वारकऱ्याचा नित्यनेम म्हणजे हरिपाठ. निवृत्तिनाथ, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांचेही हरिपाठ आहेत, परंतु आरंभ ज्ञानदेवांच्या हरिपाठाने करावा. त्यात साधारण 27 अभंग आहेत, काही पोथ्यांत फलश्रुती धरून एखादा अधिक दिसतो, आणि सगळे सावकाश वाचायला वीसेक मिनिटे पुरतात. पहिल्याच दिवशी सगळे म्हणायला घेऊ नये. पहिले पंधरा दिवस केवळ पहिला अभंग म्हणावा. देवाच्या दारात क्षणभर उभे राहिल्याने काय साधते हे तो अभंग सांगतो. वर आलेली विटेची कथा आणि हा अभंग शेजारी ठेवून पाहावेत : कथेत देव भक्ताच्या दारात उभा आहे, अभंगात भक्त देवाच्या दारात. मला स्वतःला या दोन दारांपेक्षा कृपेची अधिक चांगली व्याख्या अजून मिळालेली नाही.

त्यानंतर दर आठवड्याला दोन-दोन अभंग वाढवत गेल्यास साडेतीन महिन्यांच्या आत संपूर्ण हरिपाठ नेमात येतो, आणि पाठांतर वेगळे करावे लागत नाही. वेळ शक्यतो संध्याकाळची, दिवेलागणीची असावी. मात्र नोकरीमुळे ती जमत नसेल तर जी जमेल तीच कायम धरावी. वेळ सारखी बदलणारा नेम टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. मोठ्याने म्हणावे, निदान स्वतःच्या कानांना ऐकू येईल इतके. अर्थाचे पुस्तक पहिल्या महिन्यात उघडू नये असे मी सुचवीन. शब्द आधी जिभेवर बसू द्यावेत, मग त्यांचा अर्थ शोधताना वेगळीच गोडी लागते.

शेवटी ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र काही वेळ म्हणावा. हा मंत्र उघडा आहे, तो कानात सांगावा लागत नाही आणि कोणाच्या परवानगीने घ्यावा लागत नाही. तुकारामांनी आपल्या अभंगांत सांगितले आहे की बाबाजी चैतन्य या सद्गुरूंनी त्यांना स्वप्नात अनुग्रह केला आणि हा मंत्र दिला. ज्या मंत्रासाठी तुकोबा कोणाच्या दारी गेले नाहीत, तो त्यांनी पुढे कोणाच्याही दारी अडवून ठेवला नाही.

एखाद्या दिवशी नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणून भरपाई करू नये. भरपाईची ही कल्पना देवघरात उधारीचे खाते उघडते आणि मग ते खाते बंद करणे जड जाते. चुकलेला दिवस चुकला म्हणून सोडून द्यावा आणि आजचा अभंग आज म्हणावा.

हिशोबाची वही

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आरंभीच्या दिवसांत मी एक वही ठेवली होती. डाव्या बाजूला हरिपाठ झालेल्या दिवसांच्या खुणा असत आणि उजव्या बाजूला त्या आठवड्यात घडलेल्या बऱ्या-वाईट गोष्टी. काही महिन्यांनी लक्षात आले की दोन्ही बाजूंचा एकमेकींशी काहीही संबंध लागत नाही, आणि मी रागावून नेम सोडण्याच्या बेतात आलो. त्या वेळी ज्या गोष्टीने मला थोपवले ती तुकारामांच्या आयुष्यातली होती. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, आणि हे त्यांनी स्वतःच्या अभंगांत लपवलेले नाही. संसाराच्या या पडझडीतूनच ते विठ्ठलाकडे वळले, आणि पुढे त्याच संसाराविषयी बोलताना त्यांनी देवाचे आभार मानले. संकट टळणे म्हणजे कृपा, ही माझी व्याख्या घेऊन तुकोबांकडे गेलो असतो तर त्यांच्यावर कृपा झालीच नाही असे म्हणावे लागले असते.

मग कृपा झाली हे ओळखायचे कसे, असा प्रश्न नवखा माणूस विचारतोच. परंपरेने याला दिलेली उत्तरे बाहेरच्या घटनांपेक्षा माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवतात. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात, ज्याला भक्तियोग म्हणतात, भक्ताची लक्षणे येतात : कोणाचाही द्वेष नसणे, सर्वांशी मैत्री, मान-अपमानात सारखेपणा. त्याच अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव गुरूच्या कृपादृष्टीला आई म्हणून संबोधतात. आई मुलाला दूध पाजताना त्याचे पुण्य तपासत नाही, हे ज्याला कळले त्याला वहीची उजवी बाजू कोरी सोडता येते. मी ती वही पुढे किराणा लिहायला वापरली.

एकादशी

हरिपाठ अंगवळणी पडल्यावर, म्हणजे साधारण चौथ्या महिन्यापासून, एकादशी धरावी. महिन्यातून दोन येतात, शुद्ध पक्षातली आणि वद्य पक्षातली. परंपरेने शुद्ध एकादशी पंढरपूरची आणि वद्य एकादशी आळंदीची मानतात. दिनदर्शिकेत कधी कधी लागोपाठ दोन दिवशी ‘स्मार्त एकादशी’ आणि ‘भागवत एकादशी’ असे लिहिलेले असते. वारकरी भागवत एकादशी पाळतात. परदेशात राहणाऱ्यांनी आपल्या शहराच्या सूर्योदयाप्रमाणे केलेले पंचांग पाहावे, कारण तिथी सूर्योदयावरून ठरते आणि ती मुंबईच्या तिथीपेक्षा एका दिवसाने वेगळी येऊ शकते.

दशमीला रात्री हलके जेवण, एकादशीला उपवास आणि द्वादशीला सकाळी नैवेद्य दाखवून पारणे, असा क्रम आहे. फराळाला वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळे, राजगिरा, दूध, फळे चालतात. साबुदाणाही चालतो, जरी तो ज्या कंदापासून होतो तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला असल्याने ज्ञानदेवांच्या काळात कोणाच्या ताटात असणे शक्य नव्हते. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच आपल्यावर केलेली आहे, तेव्हा खिचडीची दुसरी वाटी घेण्यापूर्वी ती आठवावी. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. त्यांनी त्या दिवशी एक वेळचा हरिपाठ दोन वेळा म्हणावा, एकादशी घडते.

चातुर्मास आषाढ शुद्ध एकादशीला सुरू होतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीनंतर संपतो. अनेक घरांत या चार महिन्यांत कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य असतात, आणि त्याआधीच्या नवमीला, कांदेनवमीला, भज्यांचा सपाटून कार्यक्रम होतो. पहिल्याच वर्षी चातुर्मास पाळण्याचा आग्रह धरू नये, कांदेनवमी मात्र खुशाल पाळावी.

माणसे

ही उपासना एकट्याची नाही. नामाला टाळ लागतो, टाळाला मृदंग, आणि सगळ्यांना शेजारी उभा असलेला दुसरा माणूस. म्हणून सहा महिन्यांच्या आत जवळचे भजनी मंडळ शोधावे. सर्वांत सोयीची संधी म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. गावोगावी आणि शहरांच्या उपनगरांतही ते होतात : पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसाद. सुरुवात संध्याकाळच्या हरिपाठाने करावी. मागच्या रांगेत उभे राहावे, टाळ मिळाला तर हळू वाजवावा आणि नजर शेजाऱ्याच्या हातावर ठेवावी. ताल चुकल्यास कोणी रागावत नाही. मोठ्या आवाजात चुकल्यास मात्र माना वळतात.

तेथे एक प्रथा पाहून नवखा माणूस गोंधळतो. भेटताना वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, वयाने मोठा लहानाच्याही पडतो, आणि दोघेही एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. मागे सरकू नये, अंग आखडू नये, आपणही वाकावे. समोरच्याच्या ठायी देव आहे हे वाक्य व्याख्यानात ऐकणे वेगळे आणि सत्तर वर्षांची एखादी आजी आपल्या पायांकडे वाकलेली पाहणे वेगळे. गळ्यात वीणा घेतलेले विणेकरी उभे असतात त्यांनाही नमस्कार करतात. सप्ताहात वीणा जमिनीवर टेकत नाही, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

पहिले पंढरपूर

पहिल्यांदा पंढरपूरला आषाढीला जाऊ नये असा माझा स्पष्ट सल्ला आहे. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार मोठ्या यात्रा टाळून एखादा साधा कामाचा दिवस निवडावा. दर्शनाच्या वेळा मंदिर समितीच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात आणि मुक्काम एका रात्रीचा तरी ठेवावा.

आधी चंद्रभागेवर जावे. ही भीमाच आहे, पंढरपूरजवळ चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तिला हे नाव. स्नानाची प्रथा असली तरी पात्रातल्या पाण्याची स्थिती पाहून ठरवावे. पाणी डोळ्यांना आणि मस्तकाला लावले तरी चालते. वरून उजनी धरणाचे पाणी सोडलेले असताना पात्रात उतरूच नये. मग पात्रातल्याच पुंडलिकाच्या मंदिरात जावे, कारण ज्याच्यामुळे देव थांबला त्याला आधी भेटण्याचा रिवाज आहे.

तेथून महाद्वाराकडे आल्यावर मंदिरात शिरण्याची घाई करू नये. पायरीपाशी नामदेवांचे स्मरण आहे, तिच्यावर पाय न देता तिला हात लावून पुढे जातात. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे, आणि येथे थोडा अधिक वेळ थांबावे. चोखामेळा जातीने महार, म्हणून ज्या विठ्ठलाचे अभंग ते रचत होते त्याच्या मंदिरात त्यांना जिवंतपणी प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला कोट बांधताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, आणि अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते म्हणून नामदेवांनी त्या ओळखून येथे आणल्या अशी परंपरा सांगते. त्या काळापासून 1947 पर्यंत दार दलितांसाठी बंदच होते. साने गुरुजींनी त्या वर्षी मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले तेव्हा ते उघडले. कृपेला अट नसते असे सांगणाऱ्या संप्रदायाच्या मुख्य दारात माणसांनी सहाशे वर्षे अट लावून ठेवली होती, हे नव्या साधकाने त्या समाधीपाशी उभे राहून मनात नोंदवावे. हे टाळून पुढे गेलेले दर्शन मला अपुरे वाटते.

आत दोन रांगा असतात : मुखदर्शनाची, जी लवकर सरते, आणि पदस्पर्शाची, जिला गर्दीप्रमाणे काही तास लागतात. पहिल्या खेपेला पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहावे. कोणीही भाविक देवाच्या पायांवर स्वतः डोके ठेवू शकतो, ही या मंदिराची मोठीच गोष्ट आहे. प्रत्यक्ष क्षण अतिशय छोटा असतो, मागून लोक येत असतात, तेथे मागणे आठवत बसलात तर विटेवरची पावले पाहायचीच राहून जातात. त्यानंतर रखुमाईचे दर्शन घ्यावे. तिचे मंदिर वेगळे आहे, आणि ती रुसून आल्याची कथा पंढरपुरात कोणीही सांगेल.

वारीतले दोन दिवस

आळंदीहून ज्ञानदेवांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, देहूहून तुकारामांची त्याच्या आदल्या दिवशी, आणि सुमारे 250 किलोमीटर चालून त्या आषाढी एकादशीला पंढरपुरात असतात. पहिल्या वर्षी संपूर्ण वारी न धरता दोन दिवस चालावे. आळंदी ते पुणे हा टप्पा सोपा आहे. पुणे ते सासवड हा सर्वांत मोठ्या टप्प्यांपैकी, 30 किलोमीटरच्या आसपासचा, आणि त्यात दिवेघाट चढावा लागतो, म्हणून त्याआधी महिनाभर रोज चालण्याचा सराव करावा. नवी पादत्राणे घेऊन वारीला जाणाऱ्यांचे पाय हडपसर ओलांडण्याआधीच बोलू लागतात. वापरून मऊ झालेली घ्यावीत. सुती कपडे, अंगभर येईल असे पावसाळी कापड, पाण्याची बाटली, रोजची औषधे आणि ओळखपत्र एवढे पुरते.

शक्यतो ओळखीच्या दिंडीबरोबर चालावे. जेवणखाण, तंबू आणि सामान वाहणारा ट्रक यांच्या खर्चासाठी दिंडी माणशी ठरावीक रक्कम घेते, तिला भिशी म्हणतात. ती आधी विचारून भरावी आणि दोन दिवसांसाठी आलेल्याने जेवणाच्या पंगतीत वाढायला हात लावावा. पताका पुढे, मग टाळकरी, मध्ये विणेकरी आणि मृदंग, मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउल्या, ही ओळ मोडून मध्ये शिरू नये, आणि छायाचित्रासाठी तर मुळीच नाही.

जे पुढे कधी संपूर्ण वारी करतील त्यांनी आधीच जाणून घ्यावे की एकादशीला पोहोचलेल्या लाखोंपैकी पुष्कळांना गाभाऱ्यातले दर्शन होत नाही. ते कळसाला हात जोडतात आणि परत फिरतात, आणि वारी झाली असेच म्हणतात. इकडे आषाढीच्या काळात देवाचा पलंग काढून ठेवतात, देव चोवीस तास दर्शनासाठी उभा राहतो, त्याला टेकायला पाठीशी लोड देतात, आणि यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा करून त्याचा शिणवटा घालवतात.

माळ

वर्ष असे गेल्यावर माळेचा विचार करावा, आधी नाही. तुळशीच्या 108 मण्यांची माळ गळ्यात घालणे म्हणजे मांसाहार आणि मद्य सोडणे, जुगार न खेळणे, परस्त्रीला मातेसमान मानणे, एकादशी व हरिपाठ चालवणे आणि वर्षातून एकदा तरी पंढरपूरची वारी करणे, असा शब्द देणे होय. घरातल्या माणसांशी बोलून मगच तो द्यावा, कारण स्वयंपाकघर बदलणार असते. माळ परंपरेतल्या ज्येष्ठ वारकऱ्याच्या किंवा फडाच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटाच्या, प्रमुखांच्या हातून, बहुधा पंढरपूर किंवा आळंदीला, ज्ञानेश्वरीवर ठेवून मग गळ्यात घालून घेतात. त्यासाठी कोणी रक्कम ठरवून मागत असेल तर नम्रपणे नमस्कार करून तेथून निघून यावे.

माळ घातल्यावर कधी ना कधी दोरा झिजून ती तुटते. घाबरू नये, तो अपशकुन नाही. मणी वेचून मोजून घ्यावेत आणि नव्या दोऱ्यात ओवावेत. ती पुन्हा गळ्यात येईपर्यंत अनेक घरांत जेवत नाहीत. म्हणून जुने वारकरी चांगल्या पक्क्या दोऱ्याची एक गुंडी देवघरातच ठेवतात.